जुन्या साड्यांची रंगीत सतरंजी: घरच्या चौकटीवर विणायची कशी

मी विणलेली पहिली सतरंजी खालच्या टोकाला ६० सेंटिमीटर रुंद होती आणि वर पोचेपर्यंत ५१ झाली होती. रंग छान जमले होते. आईच्या हिरव्या साडीला लागून काकीची कुसुंबी, मध्ये पिवळ्याच्या दोन बारीक रेघा. येईल तो कौतुक करून जायचा. आजोबांनी मात्र ती पडवीत पसरली, दोन्ही कडांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "रंग बरे घेतलंस गो. पण ताणो सारको आसलो काय बाकीचा सगळा बरा येता."

आजोबा मुंबईच्या एका गिरणीत साचा खात्यात होते. गिरणीत मागाला साचा म्हणत. १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तो लांबतच गेला, आणि आमच्या कोकणातल्या कितीतरी घरांतले साचेवाले गावी परत आले ते कायमचे. त्यांच्या हातातली विद्या मात्र भातशेती आणि आंबा-काजूच्या कामात विरून गेली. मला जे थोडं मिळालं ते आजोबांनी पडवीत बसून, माझ्या चौकटीवरचे धागे बोटाने छेडून दाखवलं त्यातून. म्हणून या लेखात रंगांपेक्षा ताण्यावर जास्त लिहिणार आहे. उभा धागा तो ताणा, आडवा तो बाणा. सतरंजी बघणाऱ्याला बाणा दिसतो, ताणा जवळजवळ झाकलेलाच राहतो. पण सतरंजी सपाट पडेल की कोपरे उचलेल, कड सरळ येईल की आत ओढली जाईल, दहा वर्षं टिकेल की दुसऱ्या धुण्यात सुटेल, हे सगळं ताण्यावर ठरतं.

आपण करणार आहोत ती ६० बाय ९० सेंटिमीटरची, म्हणजे साधारण दोन फूट बाय तीन फुटांची सतरंजी. दारात, देवघरासमोर किंवा पलंगाशेजारी बसेल एवढी. पायमाग लागत नाही. लाकडाची एक मजबूत चौकट पुरते.

चौकट

आतल्या मापाने ७५ बाय १२० सेंटिमीटरची चौकट करा. लाकूड किमान दोन इंच बाय दीड इंच जाडीचं हवं. यात काटकसर करू नका. साठ-एकसष्ट जोडधागे, म्हणजे दोन-दोन एकत्र धरलेले धागे, एकदम ताणले की त्यांची एकत्रित ओढ मोठी असते आणि बारीक पट्ट्या धनुष्यासारख्या वाकतात. आडवी पट्टी मध्ये वाकली की मधले धागे सैल आणि कडेचे घट्ट होतात, मग पुढे काही केलं तरी ती सतरंजी सपाट बसत नाही.

आमच्याकडे घर उतरवलं की जुने वासे-रिपा निघतात. किंजळ, ऐन, फणस, जे सरळ आणि सुकलेलं असेल ते चालेल. आंब्याची ओली फळी घेऊ नका, सुकताना ती पिळते. फणसाचं लाकूड मला सगळ्यांत आवडतं, पण जुना फणस कठीण असतो, खिळा मारण्याआधी ड्रिलने बारीक भोक पाडून घ्यावं लागतं, नाहीतर फळी तडकते. सुताराकडून कोपऱ्यांना खाच मारून पट्ट्या एकमेकींत बसवून घ्या आणि प्रत्येक कोपऱ्यात दोन स्क्रू. स्क्रू पूर्ण आवळण्याआधी आतले दोन्ही कर्ण मोजा. या मापाला ते साधारण १४१ ते १४२ सेंटिमीटर येतात. आकडा थोडा इकडेतिकडे झाला तरी चालेल, पण दोन्ही कर्ण एकमेकांइतके हवेत. चौकट तिरकी असेल तर सतरंजीही तिरकी.

आता खिळे. बिनडोक्याचे किंवा लहान डोक्याचे सव्वा इंची खिळे, वरच्या आणि खालच्या पट्टीवर प्रत्येकी ६१. दोन खिळ्यांमध्ये एक सेंटिमीटर. सगळे एका रेषेत मारले तर लाकूड त्या रेषेत फाटतं. म्हणून दोन रेषा आखा, एकमेकींपासून दीड सेंटिमीटरवर: एक खिळा वरच्या रेषेवर, पुढचा खालच्या, असं आलटून पालटून. इथे एक गोष्ट नीट सांभाळा. वरच्या पट्टीवर पहिला खिळा वरच्या रेषेवर असेल तर खालच्या पट्टीवरही पहिला खिळा वरच्याच रेषेवर घ्या. असं केलं की सगळ्या धाग्यांची लांबी सारखी येते. खिळे किंचित बाहेरच्या बाजूला कललेले मारा, ताणाखाली धागा निसटत नाही. शेवटी सगळ्या लाकडावरून पॉलिश पेपर फिरवा. बारीक कुसळ एक असलं तरी ते दिवसभर धागा पकडत राहतं.

ताण्याचा दोरा

सुती, चांगला पीळ दिलेला, हाताने ओढून सहज न तुटणारा दोरा घ्या. गोधडीच्या दोऱ्यापेक्षा जाड आणि पोती शिवायच्या सुतळीपेक्षा बारीक. दोन बोटांत धरून उलटा पीळ द्या. लगेच मोकळा होऊन पदर सुटत असेल तर तो ताण्याला नको. काथ्याचा सुंभ आपल्याकडे मुबलक मिळतो, पण तो खरखरीत असतो, साडीच्या पट्टीला पकडून ठेवतो आणि बाणा खाली बसत नाही. काथ्या काथ्याबरोबरच विणावा, त्याचं पायपुसणं उत्तम होतं.

मालवण, हर्णै, रत्नागिरी, कुठल्याही बंदराजवळच्या दुकानात जाळ्याचा नायलॉन दोरा मिळतो आणि मजबूत म्हणून तो घ्यायचा मोह होतो. मी घेतला होता. तो ताणाखाली लांबतो, गाठ घसरते, आणि चौकटीवरून उतरवल्यावर पुन्हा आकसतो, त्यामुळे सपाट विणलेली सतरंजी जमिनीवर लाटा धरते. सुताला आणखी एक गुण आहे: ओलं झाल्यावर ते कमजोर होत नाही, उलट बळकट होतं. धुतल्या जाणाऱ्या वस्तूला आणखी काय हवं!

हिशोब असा. खिळ्यापासून खिळ्यापर्यंत साधारण १२४ सेंटिमीटर, असे ६१ धागे, म्हणजे सुमारे ७६ मीटर. आपण जोडधागा घेणार, म्हणून १५२. गाठी, कडा आणि पुढे फाशांना लागेल तो दोरा धरून २०० मीटर हाताशी ठेवा.

ताणा चढवणं

दोन गुंड्या करा आणि दोन्हींचे धागे एकत्र धरून चढवा. चौकट भिंतीला टेकवून उभी करा किंवा दोन स्टुलांवर आडवी ठेवा. खालच्या पहिल्या खिळ्याला धागा पक्का बांधा. तिथून वरच्या पहिल्या खिळ्याकडे न्या, पहिल्या आणि दुसऱ्या खिळ्यांना मिळून बाहेरून वळसा द्या आणि खाली दुसऱ्या खिळ्यावर आणा. खाली दुसऱ्या-तिसऱ्याला मिळून वळसा, मग वर. अशा रीतीने प्रत्येक खिळ्यावर एकच जोडधागा येतो आणि धाग्यांमधलं अंतर सगळीकडे एक सेंटिमीटर राहतं.

चढवताना फार जोर लावू नका. हातात जेवढी ओढ पहिल्या धाग्याला होती तेवढीच शेवटच्याला राहील एवढीच ओढ ठेवा. थकलेल्या हाताची ओढ बदलते, म्हणून मी हे काम एका बैठकीत करते आणि मध्ये कुणी बोलवलं तरी उठत नाही. सगळे ६१ झाले की शेवटचं टोक तात्पुरतं अडकवा आणि पहिल्या धाग्यापासून पुन्हा सुरुवात करा: प्रत्येक धाग्यातली ढील बोटाने पुढच्या धाग्यात सरकवत शेवटपर्यंत न्या. टोकाशी दीड-दोन हात धागा जमा होतो. एवढी ढील होती हे बघून पहिल्या वेळी मला आश्चर्यच वाटलं होतं. ती ओढून घ्या, मग शेवटची गाठ मारा. दोन्ही कडांच्या शेवटच्या धाग्यांवर आणखी एकेक जोड चढवा. सतरंजी झिजते ती कडेनेच.

आता आजोबांची परीक्षा. तळवा ताण्यावर सपाट ठेवून डावीकडून उजवीकडे फिरवा. मग एकेक धागा छेडा. सगळ्यांचा आवाज जवळपास एकसारखा आला पाहिजे. एखादा धागा ढब्ब वाजला तर तो सैल आहे. एक-दोनच सैल असतील तर खिळ्यापाशी धाग्याखाली बांबूची काडी सरकवून ताण वाढवता येतो. पाच-सहा असतील तर सोडून पुन्हा चढवा. तासभर जाईल, पण हा तास इथेच द्यावा लागतो. विणायला घेतल्यावर तो परत मिळत नाही.

वाट उघडणं

प्रत्येक वेळी बोटांनी एक धागा वर, एक खाली असं ओवत बसलात तर सतरंजी होईल, पण दोन महिन्यांनी. बाण्याला जायला एकदम वाट उघडली पाहिजे. त्यासाठी दोन काठ्या पुरतात.

पहिली काठी म्हणजे चार-पाच सेंटिमीटर रुंदीची गुळगुळीत सपाट पट्टी, चौकटीपेक्षा थोडी लांब. पोफळीच्या खोडाची चिरलेली पट्टी घासून गुळगुळीत केली की सुरेख काम देते. ही पट्टी ताण्यातून एकाआड एक धाग्याखालून ओवा आणि वरच्या टोकाकडे सरकवून ठेवा. ती उभी केली की ३१ धागे वर उचलले जातात: एक वाट झाली.

दुसऱ्या वाटेसाठी उरलेले ३० धागे उचलायचे. त्यासाठी अंगठ्याएवढ्या जाडीची गोल, सरळ काठी घ्या. आमच्या भागात माणगा नावाचा बांबू होतो, तो आतून जवळजवळ भरीव असतो आणि त्याला काटे नसतात. त्याची सुकलेली काठी या कामाला फार चांगली. सपाट पट्टी आडवी पाडा, म्हणजे हे तीस धागे वेगळे दिसतील. काठी ताण्यावर, सपाट पट्टीच्या अलीकडे, म्हणजे तुमच्या बाजूला, धरा. ती एका उंचीवर स्थिर राहावी म्हणून दोन्ही टोकांना दोन-दोन विटा किंवा जाड पुस्तकं लावा. आता ताण्याच्याच दोऱ्याने तीसपैकी प्रत्येक धाग्याखालून एक फास घ्या आणि काठीवर गाठ मारून बसवा. फासा सगळ्या सारख्या लांबीच्या हव्यात, सहा-सात सेंटिमीटरच्या. एखादी लांब झाली तर तिचा धागा पुरेसा उचलला जात नाही आणि धोटा, म्हणजे बाणा गुंडाळलेली लाकडी पट्टी, तिथे चुकीच्या बाजूने जातो. ही चूक वीस ओळी विणून झाल्यावर दिसते. सगळ्या फासा बांधून झाल्या की गाठींच्या रेषेवरून डिंकाचं बोट फिरवा, म्हणजे त्या सरकत नाहीत.

काठी वर ओढली की दुसरी वाट उघडते. पट्टी उभी, काठी सैल. पट्टी आडवी, काठी वर. या दोन हालचाली हाताला सवयीच्या झाल्या की तुम्ही विणकर झालात.

साड्या आणि पट्ट्या

सुती साडीच घ्या. जुन्या साडीत काय आहे ते लक्षात येत नसेल तर काठाजवळचे दोन धागे काढून चिमट्यात धरून जाळा. सूत कागदासारखा वास देत जळतं आणि मऊ राख होते. पॉलिस्टर वितळतं आणि कडक मणी उरतो. पॉलिस्टर साडी सरळ फाटत नाही, चौकटीवर निसरडी वागते आणि ओल्या पायाचं पाणीही टिपत नाही. अर्धी सुती, अर्धी पॉलिस्टर असलेली साडी तर सगळ्यांत फसवी, ती चाचणीत थोडी राख आणि थोडा मणी देते. ती बाजूला ठेवा.

फॉल उसवा, जरीचा काठ कापून टाका. जरीची तार पायाला टोचते आणि धुतल्यावर आकसत नाही, मग तिच्याभोवतीचं कापड सुरकुततं. साधे रंगीत सुती काठ मात्र जपून वेगळे ठेवा. साडी गरम पाण्यात धुवा आणि ओली असतानाच पांढऱ्या कापडावर दाबून बघा. डाग उमटला तर रंग जातो आहे. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो असं सगळेच सांगतात, पण आधीच रंगवलेल्या कापडाचा सुटणारा रंग मिठाने थांबत नाही. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवत राहणं, हाच उपाय. गडद लाल आणि निळ्या साड्या मी चार-पाच वेळा धुते आणि तरीही शंका उरली तर पांढऱ्याच्या शेजारी विणत नाही.

चार सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या काढा. साडीच्या टोकाला कात्रीने छोटा छेद द्यायचा आणि मग लांबीच्या दिशेने टर्रकन फाडायचं. फाडलेली पट्टी कापलेल्या पट्टीपेक्षा सरळ येते. सुटलेले धागे झटकून टाका, तोंडाला रुमाल बांधा, घरात विरलेल्या सुताची धूळ उडते. साधारण ११० सेंटिमीटर पन्ह्याच्या, साडेपाच मीटर लांब पाचवारीतून अशा सत्तावीस पट्ट्या निघतात, म्हणजे जवळजवळ १४८ मीटर. नऊवारीतून याच्या दीडपट.

आपल्या सतरंजीला किती लागेल? पातळ साडीची चार सेंटिमीटरची पट्टी ठोकून बसवली की साधारण चार मिलिमीटर जागा घेते. ९० सेंटिमीटरला सव्वादोनशे ओळी. प्रत्येक ओळीला ६० सेंटिमीटर आणि वळणासाठी, कमानीसाठी सहा, असे ६६. म्हणजे सुमारे दीडशे मीटर, एका पाचवारीइतकं कापड. पण हाताहातात फरक असतो, ठोकणाऱ्याचा हात जड असेल तर जास्त लागतं. दोन साड्यांचा ऐवज धरून चला. तीन-चार वेगवेगळ्या साड्यांचे तुकडे मिळून तेवढं झालं तर जास्तच चांगलं.

पट्ट्या जोडताना गाठ मारू नका, प्रत्येक गाठ पायाला खड्यासारखी लागते. दोन्ही पट्ट्यांची टोकं आठ-दहा सेंटिमीटर लांबीवर तिरकी निमुळती कापा आणि विणताना एकीवर एक ठेवून एकाच वाटेत घाला. दोन निमुळत्या टोकांची जाडी मिळून एका पट्टीएवढी होते आणि जोड दिसतही नाही. जोड कडेला येऊ देऊ नका, कडेपासून वीतभर आत ठेवा.

रंग कसे मांडायचे

साडी म्हणून जो रंग दिसतो तो सतरंजीत दिसत नाही. पट्टी दुमडली जाते, तिची उलटी बाजूही वर येते. छापील साडीची उलटी बाजू फिकट असते, त्यामुळे गडद निळ्या फुलांची साडी विणल्यावर राखाडी ठिपक्यांची दिसते. म्हणून पट्टी बोटाभोवती पिळून बघा, तोच तिचा खरा रंग. मी सगळ्या साड्यांच्या वीतभर पिळलेल्या पट्ट्या पडवीच्या कठड्यावर शेजारी शेजारी ठेवते आणि दोन दिवस येता-जाता बघते. बाजूला काय ठेवलं की काय उजळतं, हे डोळ्यालाच कळतं.

कोकणातल्या घरासाठी एक व्यवहार सांगते. आपली माती लाल. जांभ्याची बारीक धूळ पायाबरोबर आत येते आणि पांढरी, मोतिया, फिकट गुलाबी सतरंजी पंधरा दिवसांत तांबूस होते, ती धुऊनही पूर्ण निघत नाही. दारातल्या सतरंजीला विटकरी, मरून, गडद हिरवा, निळा घ्या. पिवळा रेघेपुरता. फिकट रंगांची सतरंजी देवघरासमोर घाला.

पहिल्या सतरंजीत आडवे पट्टेच करा, पण सगळे एका रुंदीचे नकोत. सहा सेंटिमीटर हिरवा, मग दोन ओळी पिवळ्या, मग अकरा सेंटिमीटर मरून, असं असमान ठेवलं की नजर फिरत राहते. दोन रंग एकमेकांत मिसळून गढूळ दिसत असतील तर मध्ये दोन ओळी काळ्या किंवा गडद निळ्या घाला. दोन्ही रंग एकदम ठसठशीत होतात. एक ओळ एका रंगाची, दुसरी दुसऱ्या रंगाची असं आलटून पालटून दहा-बारा ओळी विणलं की उभ्या बारीक रेघा उठतात, कारण एक रंग नेहमी सम धाग्यांवरून आणि दुसरा विषम धाग्यांवरून जातो. मध्येच एका रंगाच्या दोन ओळी सलग घातल्या की त्या रेघा सरकतात आणि चौकडा तयार होतो. दोन रंगांत एवढं मिळतं, हे मला अजूनही नवल वाटतं. आणि ते बाजूला ठेवलेले सुती काठ? ते एकेक ओळ म्हणून कुठेही टाका. त्यांच्यातले रंग ठिपक्या-ठिपक्यांनी वर येतात.

पांढऱ्या साड्या रंगवायच्या असतील तर फणसाच्या जुन्या लाकडाचा पिवळा भुसा सुताराकडे फुकट मिळतो. अर्धा किलो कापडाला साधारण शंभर ग्रॅम हिरड्याची पूड गरम पाण्यात, त्यात कापड रात्रभर. पिळून सव्वा छटाक, म्हणजे सत्तर-पंचाहत्तर ग्रॅम तुरटीच्या कोमट पाण्यात पुन्हा रात्रभर. मग अर्धा किलो भुसा तासभर उकळून गाळलेल्या पाण्यात हलक्या आचेवर तासभर ठेवा. उबदार, मधाळ पिवळा येतो. हिरड्यातून काढलेलं कापड गंजक्या खिळ्यांच्या पाण्यात बुडवलं तर राखाडी ते काळा होतो. हळद आणि कोकम यांनी रंगवू नका. दोन्ही पहिल्या दिवशी डोळ्यांत भरतात, पण हळद उन्हात उडते आणि कोकमाचा लाल धुण्यात जातो.

विणणं

खालच्या खिळ्यांपासून बारा सेंटिमीटर ताणा मोकळा सोडा, त्याच्या पुढे दशा होतील. तिथे कागदाची जाड पट्टी आडवी ओवून ठेवा, म्हणजे सुरुवात सरळ येईल. पहिल्या आठ ओळी ताण्याच्याच दोऱ्याने विणा आणि घट्ट ठोका. ही सुताची पट्टी पुढे चिंध्या निसटू देत नाही.

लाकडी पट्टीवर साडीची पट्टी गुंडाळून धोटा करा. वाट उघडा, धोटा एका कडेने घालून दुसऱ्या कडेने काढा. इथेच माझी पहिली सतरंजी बिघडली होती. पट्टी ओढून सरळ करायची नाही. तिला वाटेत कमानीसारखी राहू द्या, मधोमध आठ-दहा सेंटिमीटर उंच. बाणा ताण्याच्या वरखाली वळत जातो, त्या वळणांना जास्तीची लांबी लागते. ती कमानीतून मिळाली नाही तर तो कडा आत ओढून घेतो. आता वाट बदला, आणि मग पंज्याने, म्हणजे दातांच्या ठोकणीने, ठोका. आधी वाट बदलून मग ठोकलं की पट्टी उलटी मागे सरकत नाही. पंजा लोहाराकडून करून घेता येतो, सुरुवातीला जेवणाचा जाड स्टीलचा काटाही पुरतो. मधून सुरू करून दोन्ही कडांकडे ठोकत जा.

कडेला वळताना पट्टी दुमडून शेवटच्या धाग्याला नुसती टेकेल एवढीच घ्या. फुगा नको, ओढही नको. आणि दर दहा सेंटिमीटरला टेप लावून रुंदी मोजा. ५९ आली तर पुढच्या कमानी मोठ्या करा. ५८ आली तर थांबा आणि मागचं उसवा. कडा जागेवर राहाव्यात म्हणून मी विणलेल्या भागाच्या दोन्ही कडांतून दर दहा सेंटिमीटरला दोरा ओवून चौकटीच्या उभ्या पट्टीला बांधते. ही साधी युक्ती शिकल्यापासून माझी एकही सतरंजी मध्ये बारीक झालेली नाही.

ऐंशी सेंटिमीटरच्या पुढे वाट अरुंद होत जाते. फासांची काठी वर सरकवत न्या, आणि शेवटी ती काढून टाकून बारीक पट्टीने किंवा मोठ्या दाभणाने ओवा. हात मंदावतो, पण शेवटच्या ओळी सैल सोडू नका. ९० झालं की पुन्हा आठ ओळी दोऱ्याच्या.

रोज दोन तास बसलं तर मला एवढ्याला सहा-सात दिवस लागतात. पहिल्या वेळी दुप्पट धरा.

उतरवणं

सगळे धागे एकदम कापू नका. एका कडेपासून चार जोडधागे कापा, लगेच त्यांची एक गाठ विणीला चिकटून मारा, मग पुढचे चार. चौकट उलटी करून दुसरी बाजू तशीच. सगळ्या गाठी झाल्या की दशा सारख्या लांबीच्या कापा. दारातल्या सतरंजीला दशा पायात अडकतात, विशेषतः घरात वयस्कर माणूस असेल तर. तिथे दशा मागे वळवून त्यांच्यावर सुती पट्टी शिवून टाका. एक रात्र तिच्यावर पाट आणि वर जातं ठेवा. एखादा कोपरा उचलत असेल तर ओला हात फिरवून पुन्हा वजन.

पावसाळा

मी ताणा कधीही आषाढ-श्रावणात चढवत नाही. हवेतल्या ओलीने लाकूड फुगतं, सूत आवळतं, आणि त्या दिवसांत एकसारखा वाजलेला ताणा कार्तिकात ढिला पडतो. एके वर्षी अर्धी विणलेली चौकट पडवीत राहिली, वाऱ्याबरोबर पावसाचे तुषार आत आले आणि तीन आठवड्यांत मरून पट्ट्यांवर काळ्या बुरशीचे ठिपके पडले. ते निघाले नाहीत, ती सगळी उसवावी लागली. आता दिवाळीनंतर सुरुवात करते आणि मिरगाआधी चौकट रिकामी करून माळ्यावर टाकते. पावसात हात रिकामे राहत नाहीत, साड्या फाडणं आणि गुंड्या करणं तेव्हाच चालतं, पण फाडलेल्या पट्ट्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, वारा लागेल अशा टोपलीत ठेवा.

वापरातली सतरंजी पावसाळ्यात गुंडाळून ठेवायची असेल तर मे महिन्याच्या उन्हात दोन्ही बाजूंनी दिवसभर खडखडीत वाळवा आणि संध्याकाळी ती थंड झाल्यावरच गुंडाळा. घडी घालू नका. धुवायची ती हातानेच, साध्या साबणाने, आणि वाळत घालताना दशांना धरून टांगू नका. ओली सतरंजी जड असते, सगळं वजन त्या गाठींवर येतं. काठीवर मधोमध टाका.

आजोबा गेल्यावर त्यांच्या दोन धोतरांच्या पट्ट्या मी फणसाच्या रंगात बुडवून ठेवल्या होत्या. या वर्षीच्या सतरंजीत आईच्या हिरव्याशेजारी त्या घातल्या आहेत. ताणा छेडून बघितला तेव्हा एकोणिसावा धागा थोडा बसका वाजला. काडी घालून चालवता आलं असतं. मी तो सगळा सोडला आणि पुन्हा चढवला.